अण्णांचा आवाज, माझं तोंड

निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या तीस-चाळीस गावांनी एके काळी माझा म्हणून जो आवाज ऐकला, तो माझा नव्हता. एवढं एक वाक्य लिहायला मला कितीतरी वर्षं लागली. आत्तासुद्धा ते लिहून झाल्यावर मी उठले, पाणी प्यायले, आणि खोडायचा मोह टाळून परत येऊन बसले.

आमच्या गावात एक ऑर्केस्ट्रा होता. मालकाचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं, त्याच दुकानाच्या माडीवर तालीम चाले. पाडवा झाला की गावोगावच्या यात्रा लागत, त्यात लग्नसराई, त्यामुळे मृगाचा पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम ठरलेले. वाजवणारे सगळे आपापली कामं सांभाळून येणारे. ॲकॉर्डियनवाला शाळेत शिपाई, बोंगोवाला बस डेपोत मेकॅनिक, आणि अण्णा तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर. काळेसावळे, जाड मिशांचे, खाली बघून बोलणारे. पण हे अण्णा बाईच्या आवाजात गायचे.

आताच्या पोरांना हे सांगितलं तर हसतील. त्या काळी घरंदाज बाया स्टेजवर गात नसत, आणि बाईशिवाय जोडगाणी कशी व्हायची? म्हणून आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात एक दोन आवाजी माणूस लागेच. सत्तर सालानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत अण्णांचं नाव संकेश्वर-हुक्केरीपर्यंत झालं होतं. मी चौथीत असताना पोत्यावर बसून त्यांना पहिल्यांदा ऐकलं. स्टेजवर पडदा होता. पडद्यामागून बाईचा आवाज आला, इतका गोड आणि इतका उंच, की माझ्या शेजारची म्हातारी गाणारी बाई कोण ते बघायला उठून उभी राहिली. गाणं संपता संपता पडदा सरकला आणि कानावर हात ठेवलेला मिशीवाला माणूस दिसला. मैदान नुसतं पेटलं. म्हाताऱ्या जागच्या जागी कानशिलावर बोटं मोडून त्यांची दृष्ट काढत होत्या.

मग लोकांची आवड बदलली. कधी बदलली ते नेमकं सांगता येत नाही. थेटरात रंगीत सिनेमे आले, घरोघरी नाही तरी गल्लीत एक टेपरेकॉर्डर आला, पोरांचे केस कानांवर आले आणि पॅन्टचे पाय खाली रुंद झाले. नुसतं ऐकून कुणाचं भागेना, जे ऐकलं ते डोळ्यांनी बघायला हवं झालं. एका यात्रेत पडदा सरकला तशी पोरं ओरडली, "अरं, मिशीवाला हाय हा! बाई दावा, बाई!" कुणीतरी कलिंगडाची साल फेकून मारली. अण्णांनी त्या ओल्या सदऱ्यावर पुढचं गाणं पूर्ण म्हटलं. मी तिथं नव्हते, बोंगोवाल्यानं मला नंतर सांगितलं.

मालक हुशार. त्यानं गावभर करून टाकलं की तंबाखूच्या धुरळ्यानं अण्णांचा गळा गेला, आणि तो पोरगी शोधायला लागला. ती पोरगी मी.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मी कोरसात गायचे. कोरसात म्हणजे दहा जणींच्या आवाजात माझा अकरावा. मालक घरी आला तेव्हा वडील साफ नाही म्हणाले. आई त्याच वखारीत तंबाखू निवडायला जायची, ती अण्णांना ओळखत होती. ती म्हणाली, "अण्णा संगं न्हेनार, अण्णा संगं आननार. मग जाऊ दे की." अण्णांच्या शब्दावर मला घराबाहेर सोडलं गेलं, हे मी विसरू नये.

पहिला कार्यक्रम काकतीच्या बाजूला एका गावात होता. पंधरा दिवस अण्णांनी माझ्याकडून एकच गाणं घोटून घेतलं होतं. ते स्वतः आता पडद्यामागे एको सांभाळायला बसायचे. एको म्हणजे आवाज घुमवणारी पेटी, तिच्याशेजारी तपासणीसाठी एक माइक असायचा. पहिलं कडवं मी कसंबसं काढलं. अंतऱ्याची उंच जागा आली आणि माझा गळा बंद झाला. समोर दोन हजार माणसं, पेट्रोमॅक्स आणि ट्यूबलाइट, घामानं भिजलेलं पातळ. मी तोंड उघडून उभी होते. आणि आवाज आला. अंतरा जागेवर लागला, नुसता लागला नाही, फुलला. मागे पडद्याआड अण्णांनी माइक उचलला होता. मला काही सुचलं म्हणून नव्हे, भीतीनं, माझे ओठ हलायला लागले. टाळ्या पडल्या त्या माझ्याकडे बघून.

कार्यक्रम संपल्यावर मी टेम्पोमागे जाऊन रडले. अण्णांनी घागरीतलं पाणी दिलं. "पयल्या खेपेला हुतंय असं. फुडल्या खेपेला तूच म्हनशील बग."

पुढल्या खेपेला मी म्हटलं नाही. त्याच्या पुढल्या खेपेलाही नाही. मालक म्हणाला, कशाला उगं जोखीम? पोरगी दिसायला बरी हाय, आवाज बरा हाय, पब्लिक खूश हाय. दोन माणसांचं मिळून एक माणूस झालं होतं आणि ते तीन उन्हाळे चाललं.

त्याची तालीम काही सोपी नव्हती, बरं का. वहीत प्रत्येक ओळीखाली अण्णा पेन्सिलीनं टिंबं काढत, ते श्वास कुठं घेतात त्या जागी. मीही तिथंच श्वास घ्यायचा, खांदे तेवढेच उचलायचे. मला ते दिसत नसत, म्हणून मी पडद्याला अगदी टेकून उभी राही आणि अण्णा ओळ उचलायच्या आधी पायानं पडदा हलवत. कापड टाचेला लागलं की तोंड उघडायचं. हुक्केरीकडच्या गावांत दोन-चार कन्नड गाणी म्हणावीच लागत. अण्णांचं कन्नड चांगलं होतं, त्यामुळे माझंही चांगलं झालं. लोक गळ्याची तालीम घेतात, मी तीन वर्षं ओठांची घेतली.

गावोगावच्या बाया मला पाटावर बसवून ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ. आई ते खण ट्रंकेत रचून ठेवायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. माझी ओटी भरली जायची तेव्हा अण्णा बाहेर अंगणात वायरींची वेटोळी करत असत. कुणी म्हणे, "अण्णा, पोरगी लई तयार केलीसा. तुमचाच गळा उतरलाय बगा." अण्णा म्हणत, "व्हय, गुणाची हाय."

मला तेव्हा वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला आवडत होतं. मी चालायला वेगळी लागले होते. बाजारात कुणी कुजबुजलं की मान थोडी वळवायची, पण बघायचं नाही, हे मी शिकले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी होते, आणि नागोबाला बीळ कुणी खणलं याचं काय पडलंय? एकदा तर मी अण्णांना बोलले. "अण्णा, काल अंतरा उशिरा उचललासा. माझं तोंड तसंच उघडं राहिलं." वडिलांच्या वयाचा माणूस. तो म्हणाला, "चुकलं गं. ठसका लागला हुता."

या सगळ्यात अण्णांच्या बायकोचा मी विचारच केला नव्हता. मी त्यांना वहिनी म्हणायचे. त्याही वखारीत, आईच्याच टोळीत तंबाखू निवडायच्या. अण्णांनी त्यांना शपथ घातली होती, त्यामुळे पडद्यामागं कोण गातं ते माहीत असून त्या तीन उन्हाळे गप्प होत्या. दुपारच्या सुट्टीत बाया हातपाय धुऊन लिंबाच्या सावलीत भाकरी सोडत. तिथं माझं कौतुक निघे, आणि त्या कौतुकाच्या शेपटाला अण्णांची कीव. बिचाऱ्याचा गळा गेला. वहिनी ऐकून घेत. त्या दिवशी मात्र एक बाई म्हणाली, "तंबाखूनं गेला का दारूनं गेला, कुनाला ठावं." अण्णा आयुष्यात दारूला शिवले नव्हते.

वहिनींनी भाकरी खाली ठेवली. "गळा कुटं गेलाय? गळा हाय तसा हाय. ती पोरगी नुसतं तोंड हालवती. गातंय माझं मानूस."

आणि नेमकी त्याच वेळी मी आले. आई सकाळी भाकरी विसरून गेली होती, ती द्यायला. झाडाखाली पंधरा-वीस बाया, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. एकीनं झालेलं बोलणं मला सांगितलं आणि विचारलं, "काय गं, खरं काय?"

वहिनी चिडलेल्या नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सांग बाई. तुला तर ठावं हाय न्हवं."

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलं होतं, पण त्याची गाठ सोडली नव्हती. मी म्हटलं, "मीच गाते, वहिनी. अण्णा एको सांभाळतात. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." हे मी शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हटलं. घरी, गल्लीत, वखारीत मी कधी तसं बोलत नव्हते. वहिनींना खोटं पाडायचं होतं म्हणून मी शाळेतल्या बाईंची, पुस्तकातली भाषा काढली. खोटं बोलल्याचं एक वेळ मी स्वतःला माफ करीन, त्या भाषेचं करवत नाही.

आधी आई हसली. मग सगळ्या हसल्या.

तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. संध्याकाळी वखार सुटताना बायांनी फाटकाशी अण्णांनाच गाठलं. "अण्णा, बायकू म्हंती तुमीच गाताय म्हनं?" शेजारी वहिनी उभ्या. हे मी बघितलं नाही, आईनं रात्री जेवताना मोठ्या हौसेनं सांगितलं. अण्णांनी बायकोकडे बघितलं, माझ्या आईकडे बघितलं, आणि म्हणाले, "तिचं काय ऐकताय? पोरगीच गाती."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी वेगळ्या बसून जेवायला लागल्या. बाया त्यांना "गानारीन" म्हणून हाका मारत. पोरीवर जळते म्हणत, आणि काही जणी त्याच्याही पुढचं बोलत, अण्णांचं आणि माझं. आईच्या कानावर ते येत होतं. तरी ती हसणाऱ्यांत राहिली.

तालमीला अण्णांनी मला शिव्या द्याव्यात अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी नेहमीसारखी वही उघडली. "कालचं बरं केलंस. इतक्या लोकांचं पोट हाय ह्याच्यावर." त्यानंतरच्या कार्यक्रमात त्यांचा अंतरा अगदी वेळेवर लागला. मी ओठ हलवले.

आणि हे सगळं कशासाठी, तर पुढच्या उन्हाळ्यात आम्हा दोघांचीही गरज संपली. ऐंशी सालाच्या पुढे डिस्कोचं खूळ आलं. मालकानं फिरते रंगीत दिवे आणले, चमकणारी जाकिटं शिवून घेतली आणि बाहेरून एक मुलगी आणली, ती गायची पण आणि नाचायची पण. उंच अंतरे कुणाला नको झाले, ठेका हवा झाला. मला मालकानं "कळवतो" म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. आणखी चार-पाच वर्षांनी तर यात्रा कमिट्या ऑर्केस्ट्राऐवजी व्हिडिओ आणायला लागल्या. मालक परत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायला लागला.

अण्णांना एका पाहुण्यानं बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, ओतकामाला लावलं आणि ते तिथं जवळच हिंडलग्याला खोली घेऊन राहायला गेले. वहिनींनी वखार सोडली ती कुणाचा निरोप न घेता. मी शिक्षिका झाले. लग्न झालं, मूल झालं. शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच, "मॅडम, तुमचा आवाज आम्ही लहानपणी ऐकलाय, एक होऊ दे." एका वर्षी मी नेहमीचं उत्तर दिलं, "खडूच्या धुळीनं गळा गेला हो." आणि बोलता बोलताच थांबले. हे वाक्य मी कुठून उचललं होतं ते मला कळलं.

त्या सुट्टीत माहेरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई मेथी निवडत होती, तिनं हात थांबवला नाही.

"मला ठावं हाय की. पोटच्या पोरीचा आवाज आईला कळत न्हाय व्हय?"

"मग त्या दिवशी हसलीस कशाला?"

"तू 'मीच गाते' म्हनलीस. मग म्या काय करायचं हुतं? चारचौघीत पोरीला खोटी पाडायची?" तिनं मेथीची दुसरी जुडी ओढली. "आता जाऊ नगंस तिकडं. झाकली मूठ हाय, झाकलीच ऱ्हाऊ दे."

आईचं ऐकायला हवं होतं, असं आता वाटतं. पण खाई त्याला खवखवे. मला वाटलं, खोटं मी बोलले, तर ते परत घ्यायचा हक्क माझाच आहे. रविवारी सकाळची बस धरली आणि हिंडलग्याला गेले. मे महिना होता. वहिनींनी दार उघडलं आणि मला लगेच ओळखलं. पाणी दिलं, पंखा माझ्याकडे फिरवला. अण्णा घरीच होते, जमिनीवर बसून पिनेनं स्टोव्हचा बर्नर साफ करत होते. केस सगळे पांढरे, मिशी तशीच.

मी पाठ करून गेले होते, पण सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोलले. आवाज अण्णांचाच हुता. सगळ्या गाण्यास्नी, तिन्ही उन्हाळे. मी नुसतं तोंड हालवत हुते."

वहिनींनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती. मला ती स्पष्ट दिसली आणि मी मनात म्हटलं, बरं झालं आले.

अण्णा बर्नरवर फुंकर मारत म्हणाले, "कायतरीच बोलतीस. तुजाच आवाज हुता."

"अण्णा, आता कशाला? आता कोण हाय इथं?"

"म्या एको बगत हुतो." त्यांनी मान वर केली नाही. "तुजाच हुता."

मग स्टोव्ह पेटवला, उठले, आणि साखर आणतो म्हणून बाहेर गेले. साखरेचा डबा फळीवर होता, भरलेला. मला तेव्हा समजलं. आता व्हय म्हणायचं तर वखारीच्या फाटकाशी बायकोला तोंडावर खोटं पाडलं, तेही कबूल करायला लागलं असतं. माझ्या खोट्याला आधार द्यायला त्यांनी ते केलं होतं. मी माझं ओझं उतरवायला आले आणि ते त्यांच्यासमोर नेऊन ठेवलं, बायकोच्या देखत.

वहिनींनी चहा टाकला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला तुजी साक्ष कशाला पायजे हुती गं? माझ्या मानसाचा आवाज मला ठावं न्हाय?"

"चुकलं, वहिनी."

"ऐक. इतकी वर्सं ह्या घरात गानं न्हवतं. रेडू लावला तरी बंद करायचे. आता दोन-चार म्हैनं झालं, सांजच्याला मी भाकरी थापाय बसले की भाईर बसून म्हनत हुते. बारीक आवाजात. बाईच्या. मी कायबी बोलत न्हवते, मान वर करून बगतबी न्हवते. म्हनलं, येऊ दे हळूहळू. आज ना उद्या आपल्या तोंडानं बोलतील." त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. "आता त्येबी बंद हुईल."

मी चहा प्यायले. कपबशी विसळून ठेवली, त्यांनी 'ऱ्हाऊ दे' म्हटलं नाही. अण्णा येईपर्यंत थांबायचं धाडस झालं नाही. गल्लीच्या तोंडाशी ते पानपट्टीजवळ रिकाम्या हातानं उभे होते. मी लांबून नमस्कार केला, त्यांनी हात वर केला.

हिंडलग्याला काय झालं ते मी आईला सांगितलं, तिनं मला तोंडावर काही म्हटलं नाही. पण दिवाळीला मी माहेरी होते तेव्हा ती एकटी, कुणाला न सांगता निघून गेली आणि संध्याकाळी 'हिंडलग्याला जाऊन आले' म्हणत दारात आली. तिथं तिचं आणि वहिनींचं काय बोलणं झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी पण ते विचारलं नाही, दुसरंच काहीतरी विचारणार होते. चप्पल काढता काढता माझ्या तोंडाकडे बघून ती आधीच म्हणाली, "न्हाय गं. अण्णा आता न्हाय म्हनत."